वरच्या मजल्यावरचा हत्ती

गुरुवारी आमच्या वारज्यात वीज जाते, यात नवल काही नाही. दुरुस्तीचा वार म्हणून ती जाते आणि आपल्या मर्जीने परत येते. नवल घडलं ते वीज गेल्यावर पडद्यावर उमटलेल्या दोन ओळींमुळे. एरवी गुरुवारी मी कॉलेजात असते, त्या दिवशी घरी होते. पंखा थांबला, वायफायचा डबा मेला, मी फोनचं इंटरनेट लॅपटॉपला जोडलं आणि पुन्हा चॅटरूममध्ये शिरले. ही चॅटरूम जुन्या पद्धतीची, नुसत्या अक्षरांची. ना फोटो, ना बदाम, ना अंगठे. आपलं कनेक्शन अचानक तुटलं की तिला ते लगेच कळतच नाही. ती बिचारी थोडा वेळ हाका मारत राहते आणि ओ आली नाही की मग तुमचं नाव खोडते. त्यामुळे होतं काय, की तुम्ही दुसऱ्या दाराने आत येऊन बसलेले असता आणि तुमचंच मागे राहिलेलं भूत डोळ्यांदेखत बाहेर जातं. 'मॅगपाय बाहेर. पिंग टाइमआउट.' मॅगपाय म्हणजे मी. एरवी मला याची गंमत वाटते. पण त्या दिवशी माझ्या भुताच्या पाठोपाठ, त्याच मिनिटाला, दुसरी ओळ आली: 'टीकोझी बाहेर. पिंग टाइमआउट.' मी हातातला चहा खाली ठेवला. टीकोझी लंडनमध्ये राहतो. निदान दोन वर्षं मी त्याला तिथे ठेवलं होतं. वारज्याची वीज गेली म्हणून लंडनच्या माणसाने बाहेर पडायचं काही कारण नव्हतं.

बराच वेळ काहीच आवाज नव्हता. वीज गेली की आधी बरं वाटतं, मग घर किती रिकामं आहे ते कळायला लागतं. हायवेवरचे ट्रक तेवढे ऐकू येत होते. दुपार कलली तेव्हा वीज आली. आधी फ्रिज गुरगुरला, मग खाली अडकलेली लिफ्ट "कृपया दरवाजा बंद करें" म्हणून ओरडायला लागली, ती ओरडतेय तोवर वायफायचे दिवे लागले, आणि मी पडद्यावर नजर लावून बसले असताना ओळ आली: 'टीकोझी आत.' मग त्याने लिहिलं, नेहमी लिहितो तेच, कितीही वेळाने परत आला तरी लिहितो तेच: 'आपण कुठे होतो?' त्याचं सगळं लिहिणं इंग्रजीत, माझंही. इथे मी मराठीत सांगतेय एवढंच. एरवी मी लगेच सांगितलं असतं, आपण अमुक ओळीवर होतो, तमुक चुकीवर होतो. त्या दिवशी बोटं उचललीच नाहीत.

आता हा टीकोझी कोण, तर मला तरी काय माहीत! फोनने काढलेले पुस्तकांच्या पानांचे वाकडेतिकडे फोटो सरळ करून देणारा एक छोटा प्रोग्राम आहे, फ्लॅटलीफ नावाचा. फुकट आहे, त्याचा कोड कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा. वापरणारे मूठभर, सुधारणारे त्याहून कमी, आणि सगळ्यांनी पाठवलेले बदल तपासून घ्यायचे की परत फेकायचे हे ठरवणारा टीकोझी. आमच्या प्रोजेक्टचा एक दंडक आहे, प्रत्येकाने आपल्या कॉम्प्युटरचं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर ठेवायचं. एकाची सकाळ ती दुसऱ्याची रात्र, कुणाचा बदल आधीचा यावरून भांडणं नकोत म्हणून. त्यामुळे तिथे कुणीच कुठलं नसतं. तुम्ही कुठले, वय काय, बाई की बुवा, असं विचारणं गावंढळ समजतात. मीही माझं घड्याळ साडेपाच तास मागे टाकलंय आणि पुसदहून आईचा फोन आला की मनातल्या मनात बेरीज करून तिच्या वेळेत जाते. "काय करून राहिली वं? जेवली काय?" ती विचारते. "जेवली." "एकटीच काय?" "नाही गं, आहेत न सगळे." सगळे म्हणजे ही चॅटरूम. तिला हे कसं सांगायचं, बाप्पा! निशा होती तोवर सांगायची वेळ आली नव्हती. निशा माझी फ्लॅटमधली मैत्रीण, तिला खराडीला नोकरी लागली आणि ती कुकरसकट तिकडे राहायला गेली. मालकांनी "दुसरी मुलगी पाठवतो" म्हटलं, पाठवली नाही. तेव्हापासून माझं दिवसभराचं बोलणं म्हणजे कॉलेजात हजेरीचं 'प्रेझेंट' आणि रिक्षावाल्याला 'इथेच थांबवा'. आणि संध्याकाळी टीकोझी.

टीकोझी म्हणजे किटलीतला चहा गार होऊ नये म्हणून तिच्यावर घालायची टोपी. असलं नाव आपल्याकडचा माणूस कशाला घेईल? आपल्याकडे चहा गार व्हायला थांबतो कुठे? शिवाय त्याचं बोलणं. मी दुसऱ्या वर्षाला असताना घाबरत घाबरत पहिला बदल पाठवला, एका ओळीचा, तर त्यावर त्याचं उत्तर: 'हे चालतं. का चालतं ते मला माहीत नाही. तुम्हालाही नाही असं दिसतं.' मला इतकी चीड आली की मी दोन दिवस बसून ते का चालतं ते शोधून काढलं आणि पानभर लिहून पाठवलं. त्याने लिहिलं, 'आता मलाही माहीत झालं. आभार.' कॉलेजात असं कुणी बोलत नाही. तिथे सगळे पॅकेजचे आकडे बोलतात, आणि कोड मशीनकडून लिहून घेऊन मशीनकडूनच समजावून घेतात. मी एकदा कंटाळून तसंच केलं होतं, तर याने विचारलं, 'हे तुम्ही लिहिलंत, की लिहिलं गेलं?' माझे कान तापले. इंग्रजांचा विनोद कोरडा असतो असं मी ऐकून होते. म्हटलं, हाच तो. मी त्याला एक उंच, वाकलेला, स्वेटरमधला म्हातारा बनवला. त्याच्या खिडकीबाहेर धुकं ठेवलं. त्यानेही मधूनमधून सामान पुरवलं: तीस वर्षं लोकांच्या बेरजा जुळवून देण्याची नोकरी केली, लग्न केलं नाही, आई होती ती अंथरुणात गेली आणि मग गेलीच. एकदा त्याने लिहिलं, 'काल दिवसभरात मी फक्त कंपायलरशी बोललो. त्याने तरी उत्तर दिलं.' कंपायलर म्हणजे आमचा कोड वाचून चुका दाखवणारा प्रोग्राम. त्या संध्याकाळी मी त्याला माझं सांगितलं. कॅम्पस मुलाखतीत समोरच्या मुलाने फोनवर रील बघत बघत मला प्रश्न विचारले, मी बाहेर येऊन संडासात तोंड धुतलं, आणि कुणालाच सांगितलं नाही, कारण सांगायला कुणी नव्हतं. तो म्हणाला, 'मला सांगितलंत.' बस, एवढंच.

आणि या गुरुवारच्या आधीच्या आठवड्यात त्याने सगळ्यांसाठी लिहिलं होतं की महिनाअखेरीस मी जातो आहे. जिथे जातो आहे तिथे स्वयंपाक दुसरं कुणी करेल आणि दिवेही दुसरं कुणी घालवेल. तिथे माझं असं इंटरनेट नसेल. प्रोजेक्टच्या किल्ल्या मॅगपायने घ्याव्यात, नाहीतर मी कुलूप लावून जाईन. किल्ल्या म्हणजे पासवर्ड वगैरे; आणि ती जागा म्हणजे वृद्धाश्रम, हे त्याने न लिहिताही कळत होतं. बाकीच्यांनी 'आभार', 'शुभेच्छा' असं लिहिलं. मी काहीच लिहिलं नाही. मला किल्ल्या नको होत्या. मला तो हवा होता, संध्याकाळी, एवढंच. आणि हे वाक्य कुठल्याही भाषेत लिहिलं तरी वेडगळ दिसत होतं. म्हणून मी रोज कोडबद्दलच बोलत राहिले आणि महिना संपत राहिला.

तर त्या गुरुवारी वीज आल्यावर मी खुर्ची मागे सरकवली आणि खालून ठक ठक ठक. हे खालच्या परचुरेबाई. त्यांच्याबद्दल सांगायला हवं. आमच्या बरोबर खाली, तिसऱ्या मजल्यावर, दारावर पाटी: 'हे. वि. परचुरे. बेल एकदाच वाजवावी, आम्ही घरातच असतो.' आम्ही म्हणजे त्या एकट्या. पाठ ताठ, केस पांढरेशुभ्र, हातात कापडी पिशवी. मालकांनी दिलेली माझी खुर्ची लोखंडी, तिच्या पायांना खाली काही नाही, आणि फरशी गुळगुळीत. ती जरा सरकली की किंचाळते. किंचाळली की खालून परचुरेबाई छताला काठी ठोकतात. दोन वर्षांत हेच आमचं बोलणं. तोंडाने बोलल्या त्या एकदा लिफ्टमध्ये. मी कानात हेडफोन घालून उभी होते आणि दार नीट लागलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "ती बाई केव्हाची दरवाजा बंद करा म्हणतेय. आपल्याला ऐकू येत नाही, की हिंदी येत नाही?" मी मनात म्हटलं, पुणेकर! पुसदला असतं तर म्हातारीने आधी विचारलं असतं, कोणाची वं तू, आणि मग हाताला धरून चहाला नेलं असतं. अशा बायकांकडे फोन असलाच तर सकाळी सुप्रभातचे गुलाब पाठवायला, एवढंच माझ्या डोक्यात. त्यांच्या घरात कॉम्प्युटर असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नसतं. आमच्या पिढीला वाटतं की कॉम्प्युटर आमच्यापासूनच सुरू झाला.

ठक ठक ठक ऐकलं आणि मला मागच्या पावसाळ्यातली एक संध्याकाळ आठवली. मी टीकोझीकडे तक्रार केली होती: माझ्या खाली एक राक्षसीण राहते, खुर्ची हलली की छत ठोकते. त्यावर तो म्हणाला होता, 'खुर्चीच्या पायांना रबरी बुचं लावा. राक्षसिणीसाठी नव्हे, खुर्चीसाठी. राक्षसिणी टिकतात, खुर्च्यांचे पाय झिजतात.' आणि पुढे: 'माझ्या डोक्यावर एक हत्ती राहतो. त्याला हे सांगायला कुणी नाही.' मी एकटीच फ्लॅटमध्ये मोठ्याने हसले होते. लंडनच्या धुक्यात, लाकडी जिन्याच्या घरात, वरच्या मजल्यावर बूट घालून फिरणारा एक हत्ती मी कित्येक दिवस मनात वागवला. आता तो हत्ती जिना उतरून माझ्याकडे यायला लागला. छे, म्हटलं, काहीतरीच. जगात काय हत्ती थोडे आहेत? पण एकदा मनात आलेली गोष्ट काही केल्या जाईना. पोळी लाटताना, बसमध्ये, लेक्चरला, तेच. त्या दोन ओळी एकाखाली एक.

शनिवारी संध्याकाळी मी ते केलं. टीकोझी चॅटरूममध्ये होता, एका फ्रेंच मुलाला त्याचा बदल का चुकला ते समजावत होता. वाक्य अर्धवट असताना मी उठले, खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत फरफटत नेली. असला आवाज झाला की माझेच दात शिवशिवले. मग लॅपटॉपपाशी धावले. पडद्यावर आलं: 'क्षणभर. हत्ती.' आणि खालून ठक ठक ठक. आणि मग पडद्यावर: 'आलो. आपण कुठे होतो?' मी जमिनीवरच बसले, खुर्चीला पाठ लावून. हसू यायला हवं होतं. आलं रडू. खरं सांगते, आनंद वगैरे काही झाला नाही. माझा लंडनचा म्हातारा गेला, त्याचा स्वेटर, त्याचं धुकं, सगळं एका ठोक्यात गेलं. आणि त्याच्या जागी ती लिफ्टमधली बाई येऊन बसली. राग आला. वाटलं, हिने मला फसवलं. मग वाटलं, हिने कुठे, मीच तिला उचलून लंडनला नेऊन ठेवलं. मग भीती वाटली. मी त्याला जे सांगितलं ते तो लांब होता म्हणून सांगितलं. संडासात तोंड धुतल्याचं त्या बाईंना सांगितलं असतं का? माझ्या पायाखाली वीतभर सिमेंट, आणि त्याखाली मला सगळं माहीत असलेलं माणूस. ते माणूस वर आलं तर माझी न धुतलेली कपबशी बघेल, दोरीवरचे कपडे बघेल. लांबच्या माणसापाशी मी बरी असते. जवळच्या माणसांचं मला जमत नाही, हे मला पुण्यात येऊन कळलं.

मी ठरवलं, सांगायचं नाही. पण काहीतरी करायला तर हवं, म्हणून रविवारी बुचं आणायला गेले. लॅपटॉपचा चार्जरही मरायला टेकला होता, तो बुधवार पेठेत घेतला आणि मग चालत चालत कसब्यात शिरले, एका हार्डवेअरच्या दुकानात. दुकानदार चष्म्यावरून बघत म्हणाले, "किती इंची?" मी म्हटलं, "खुर्चीच्या पायाला लावायचीत." "ते कळलं. पाय केवढे आहेत?" "माहीत नाही." "मग खुर्ची स्वतः येणार आहे का सांगायला?" आणि मी तिथे उभी राहून हसायलाच लागले. ते दचकले. हा टीकोझीच होता! तेच वाक्य, तोच थंडपणा, आणि त्याखाली लपवलेली तीच काळजी, कारण त्यांनी पुढे न विचारता तीन मापांची बुचं कागदात बांधून दिली आणि म्हणाले, "लागतील ती ठेवा, उरतील ती आणून द्या. सवडीने." येताना मी रस्त्यावर नुसती ऐकत चालले. फुलवाली, बसमधला कंडक्टर, रिक्षावाल्याला पत्ता सांगणारे आजोबा. सगळं शहर टीकोझीच्या आवाजात बोलत होतं. मी तीन वर्षं याच आवाजाला तुसडा म्हणून शिव्या दिल्या, आणि इंग्रजीत लिहून आला तेव्हा त्याच्यावर जीव टाकला. मला स्वतःची लाज वाटली, आणि थोडं बरंही वाटलं.

बुचं बसवली. दुसऱ्या मापाची अगदी घट्ट बसली. खुर्ची आता मांजरासारखी चालायला लागली. परचुरेबाईंना शेवटचे काही दिवस तरी शांतता मिळावी, असा माझा विचार. मोठीच भेट दिल्यासारखं मला वाटत होतं. चॅटरूममध्ये मात्र मला लिहिता येईना. 'नमस्कार' लिहिलं तरी ते खोटं वाटे, कारण मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं. मी नुसती वाचत बसायची. सोमवारी त्यांनी लिहिलं, 'मॅगपाय, तुमचा बदल वाचला. तिसरी दुरुस्ती मला पटलेली नाही.' मी गप्प. मंगळवारी: 'मॅगपाय?' मी लॅपटॉप मिटला आणि आईला फोन लावला. ती म्हणाली, "आवाज काहून असा येऊन राहिला?" मी म्हटलं, "सर्दी." बुधवारी त्यांनी लिहिलं, कुणालाच उद्देशून नाही, नुसतं: 'वरचा हत्ती गप्प झाला आहे. मला ते आवडलेलं नाही. खुर्ची वाजली की कळायचं, घरात कुणीतरी आहे.' हे मी वाचलं. पुन्हा वाचलं. किती वेडी मी! त्या बाईंना घरात एकच आवाज होता आणि तो मी रबर लावून बंद केला. तिकडे मॅगपाय गप्प, इकडे हत्ती गप्प, आणि दोन्ही मीच. उठावं, जिना उतरावं, बेल वाजवावी, एकदाच. इतकं सोपं होतं. मी दारापर्यंत गेले, चपला घातल्या, आणि परत येऊन बसले.

गुरुवारी पुन्हा वीज गेली. मी कॉलेजला गेले नव्हते. फोनवरून आत जायचाही धीर झाला नाही. खिडकीशी खुर्चीवर बसून हायवे बघत राहिले. आणि दाराची कडी वाजली. विजेअभावी बेल बंद होती. दार उघडलं तर परचुरेबाई. एका हाताने कठडा धरलेला, धाप लागलेली. लिफ्ट बंद, म्हणजे जिन्याने आल्या होत्या, आणि त्यांचे गुडघे दुखतात हे मला टीकोझीने सांगितलेलं होतं.

"जिवंत आहात?" त्यांनी विचारलं.

"हो."

"नाही, म्हटलं विचारून यावं. चार-पाच दिवस झाले, वर काही हालचाल नाही. पेपरात येतं ना, दार फोडावं लागलं वगैरे. आपल्या डोक्यावर तसलं काही नको."

"आत या ना."

"मी आत यायला आलेले नाही," त्या म्हणाल्या, आणि आत आल्या. त्यांनी इकडे तिकडे बघितलं नाही. कपबशी नाही, कपडे नाही. थेट खुर्चीपाशी गेल्या, पाठीला धरून ती ओढली. आवाज नाही. पुन्हा ओढली. मग सावकाश, गुडघ्यावर हात ठेवून, वाकून तिच्या पायांकडे बघितलं.

"बुचं लावलीत."

"हो."

"दोन वर्षं काठी आपटली तेव्हा सुचलं नाही. आता कुणी सुचवलं?"

आई म्हणाली, मैत्रीण म्हणाली, काहीही सांगता आलं असतं. माझ्या तोंडून निघालं, "तुम्हीच."

"मी? मी आपल्याशी खुर्चीबद्दल एक अक्षर बोललेले नाही. बोलली ती काठी."

"मागच्या पावसाळ्यात. तुम्ही म्हणालात, राक्षसिणीसाठी नव्हे, खुर्चीसाठी लावा. राक्षसिणी टिकतात, खुर्च्यांचे पाय झिजतात."

त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला. बाहेर एक ट्रक गेला. मी त्यांच्या तोंडाकडे बघू शकत नव्हते म्हणून त्या हाताकडे बघत होते. बोटं बारीक, नखं कापलेली, तर्जनीवर शाईचा की कसला डाग. हीच बोटं मला दोन वर्षं रोज संध्याकाळी लिहीत होती.

"मॅगपाय," त्या शेवटी म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"हो."

"मला वाटलं होतं, मुलगा आहे. स्कॉटलंडकडचा."

"मी तुम्हाला लंडनमध्ये ठेवलं होतं."

"लंडन महाग आहे," परचुरेबाई म्हणाल्या.

दोन वर्षं रोज बोललो, आणि समोरासमोर आल्यावर एक वाक्य सुचेना. मी म्हटलं, चहा करते. त्या म्हणाल्या, नको. मी म्हटलं, बसा. त्या उभ्याच राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं की जिना चढल्यामुळे तसं दिसत होतं, मला कळलं नाही. माझ्या मात्र आलं होतं आणि त्यांना ते कळलं असणार, कारण त्या खिडकीकडे वळल्या. मिटलेल्या लॅपटॉपकडे बघत म्हणाल्या, "किल्ल्या घेणार आहात की नाही?"

"घेते."

"घेते काय. घ्या." आणि दाराशी जाऊन पुन्हा वळल्या. "तो मुलाखतीतला मुलगा. मूर्ख होता." मग त्या गेल्या. मी दारात उभी राहून त्यांची एकेक पायरी ऐकली. हात धरायला जावं असं वाटलं, आणि पाय हलले नाहीत. खाली त्यांचं दार लागलं.

वीज आली ती तासाभराने. लिफ्ट ओरडली, दिवे लागले, आणि मी वाट बघत बसले. 'टीकोझी आत.' यावेळी 'आपण कुठे होतो' नाही. मग पहिल्यांदाच, त्या इंग्रजी चॅटरूममध्ये, सगळ्यांसमोर, देवनागरीत:

'बुचं काढा.'

फ्रेंच मुलाने प्रश्नचिन्ह टाकलं. मी लिहिलं, 'जाऊ नका.' हे लिहायला मला दोन आठवडे लागले होते आणि मराठीत लिहिल्यावर ते मुळीच वेडगळ दिसलं नाही.

उत्तर आलं. 'ठरलं आहे. टेम्पो सांगितला आहे. गुडघे आता कुणाचं ऐकत नाहीत.' आणि खाली, थोड्या वेळाने: 'तिथे बैठी इमारत आहे. वर कुणी नसेल.'

मी फरशीवर बसले, खुर्ची आडवी केली आणि बुचं उपटायला लागले. तीन निघाली. चौथं निघेना, ते दातांनी ओढलं. मग खुर्ची उभी केली, दोन्ही हातांनी धरली आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत, सगळी खोली, फरफटत नेली. थांबले. श्वाससुद्धा धरून उभी राहिले.

खालून काठी वाजली. एकदाच.

मी खुर्ची परत खिडकीकडे ओढत नेली.